पावती उलटी पडली म्हणून दंड?

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. नणंदेच्या मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायचा होता, म्हणून आम्ही दोघी गाडी घेऊन बाजारात निघालो. रावपुऱ्याच्या टॉवरपासून न्यायमंदिरापर्यंत चारचाकी उभी करायला जागा शोधणं म्हणजे काय, हे बडोद्याच्या माणसाला सांगायला नको. दोन फेऱ्या मारून शेवटी एका व्यापारी संकुलाच्या तळघरात पैसे भरून गाडी लावली. तीस रुपयांची पावती मिळाली. तिथला पोरगा म्हणाला, "मासी, काच पासे मूको." मी पावती काचेपाशी ठेवली आणि दार लावलं. त्या वाऱ्याने ती उलटली असावी. दोन तासांनी पिशव्या सावरत परत आलो, तर पुढच्या चाकाला लॉक आणि वायपरखाली चिठ्ठी : पावती दर्शनी नाही, दंड तीनशे रुपये.

मी दार उघडलं, पावती सुलट केली आणि त्याच पोराला दाखवली. गाडीचा नंबर, तारीख, वेळ, भरलेले तीस रुपये, सगळं तिच्यावर छापलेलं होतं. पावती आपणच दिली हे त्याने मान्यही केलं. तरी त्याचं एकच पालुपद, "दंड तो भरवो ज पडशे."

ते तीनशे रुपये मी त्या संध्याकाळी भरले आणि पाच आठवड्यांनी परत मिळवले. मधल्या पाच आठवड्यांत जे शिकले, ते इथे सविस्तर लिहिते आहे. कारण त्यानंतर वाड्यात, भिशीत, देवळात ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांतल्या निम्म्यांच्या तोंडून असाच अनुभव निघाला. कुणाचं टोकन हरवलं होतं, कुणाच्या पावतीवर गाडीच्या नंबरचा एक आकडा चुकला होता, कुणाचा मासिक पास काचेवरून गळून सीटखाली गेला होता. सगळ्यांनी मुकाट्याने पैसे भरले होते. सगळ्यांना वाटलं होतं की नियमच असेल.

दर वेगळा, दंड वेगळा

सगळी मेख या दोन शब्दांत आहे. गाडी उभी करायला जागा दिली, त्याचे पैसे घेतले, हा झाला दर. तुम्ही कायदा मोडला म्हणून सरकारने तुमच्याकडून वसूल केलेली रक्कम म्हणजे दंड. दंड करायला कायद्याने दिलेला अधिकार लागतो. तो वाहतूक पोलिसांना मोटार वाहन कायदा, १९८८ खाली आहे, महापालिकेला तिच्या कायद्याखाली आहे. तळघराच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलेल्या कंत्राटदाराला तो नाही. त्याने फलकावर 'दंड' असा शब्द रंगवला म्हणून त्याच्या हाती तो अधिकार येत नाही.

मग त्याच्या हाती काय असतं? करार. तुम्ही पैसे दिलेत, त्याने जागा दिली, फलकावर अटी लिहिल्या. तुम्ही अट मोडलीत तर तो भरपाई मागू शकतो. पण किती, हे भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ मध्ये आहे. करारात आधीच ठरवून ठेवलेली रक्कम ही फार तर कमाल मर्यादा असते. प्रत्यक्षात मिळते ती रास्त भरपाई, त्या आकड्याच्या आतली. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली फतेहचंद खटल्यात हे स्पष्ट केलं आणि २०१५ साली कैलासनाथ असोसिएट्स खटल्यात पुन्हा सांगितलं की नुकसानच झालं नसेल, तर भरपाई कशाची?

आता ही फूटपट्टी माझ्या पावतीला लावा. तीस रुपये गाडी आत गेली तेव्हाच भरले होते. पावती उलटी पडल्याने संकुलाचं नुकसान किती? शून्य. पावती म्हणजे पैसे भरल्याचा पुरावा. पुरावा थोडा वेळ दिसला नाही म्हणून भरलेले पैसे न भरल्यासारखे होत नाहीत. तक्रारीत, फोनवर, आयोगापुढे, कुठेही गेलात तरी हे एक वाक्य सोडू नका. बाकी सगळे कागद त्याच्याच आधारासाठी असतात.

जागा कोणाची, हे आधी पाहा

भांडायचं कोणाशी हे ठरल्याशिवाय भांडण पुढे सरकत नाही. जागा साधारण तीन तऱ्हेच्या असतात.

रस्त्याकडेचं किंवा महापालिकेच्या प्लॉटवरचं पे अँड पार्क हे सेवासदनाचं, म्हणजे आपल्या महापालिकेचं असतं. ते इजाऱ्याने दिलेलं असतं. दर सेवासदन ठरवतं, वसुली इजारदार करतो. इथे इजारदाराने ठरलेल्या दरापेक्षा एक रुपयाही जास्त घेतला, तर तक्रार थेट सेवासदनाकडे जाते आणि ती जड जाते, कारण त्याचा इजारा धोक्यात येतो. रस्त्याकडेला कुणी गळ्यात पिशवी अडकवून पावती फाडू लागला आणि जवळपास दराचा फलक दिसला नाही, तर आधी त्याचं ओळखपत्र मागा. पावतीवर इजारदाराचं नाव आणि क्रमांक छापलेला आहे का, तेही पाहा.

दुसरी तऱ्हा मॉल, व्यापारी संकुल, रुग्णालय यांच्या इमारतीतल्या पार्किंगची. आपल्या गुजरातेत या बाबतीत एक महत्त्वाचा निकाल आहे. मॉलवाल्यांना शुल्क घेण्यापासून अडवलं गेलं तेव्हा त्यांनीच उच्च न्यायालयात दाद मागितली होती. एकल न्यायमूर्तींनी ठरावीक मर्यादेत शुल्क घ्यायची मुभा दिली. जुलै २०१९ मध्ये रुची मॉल्स विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात खंडपीठाने ती मुभाही काढून घेतली. तर्क साधा होता. इमारतीला बांधकाम परवानगी मिळते तीच मुळी अमुक इतक्या पार्किंगच्या अटीवर. ती जागा येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सोयीसाठी राखायची असते, तिच्यावर वेगळा धंदा करण्यासाठी नव्हे. प्रत्येक राज्याची बांधकाम नियमावली निराळी असल्याने निकालही निराळे येतात. केरळ उच्च न्यायालयाने तिथल्या एका मोठ्या मॉलला शुल्क घेण्याची मुभा मान्य केली आहे. म्हणून पुण्या-मुंबईच्या वाचकांनी गुजरातचा निकाल जसाच्या तसा उचलून तिथे वापरू नये. बडोद्याच्या वाचकांनी मात्र तक्रारीत त्याचा उल्लेख जरूर करावा आणि सोबत सेवासदनाच्या टाउन प्लॅनिंग शाखेकडे त्या इमारतीच्या मंजूर नकाशात पार्किंग किती आणि कोणासाठी दाखवलं आहे, हे विचारावं. आधी दंडावरच बोट ठेवा. दर घेण्याचाच हक्क होता का, हा दुसरा मुद्दा म्हणून मांडा.

तिसरी तऱ्हा मोकळ्या खासगी प्लॉटची. लग्नसराईत, गणपतीत, नवरात्रात कुणाचा तरी प्लॉट दोरी बांधून पार्किंग होतो. इथे सगळा कारभार तोंडी चालतो, म्हणून इथे पावती मागणं सर्वांत जास्त गरजेचं. सेवेची पावती न देणं हा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथेचाच एक प्रकार आहे.

पोलिसांनी गाडी टो केली किंवा ई-मेमो आला, तर तो सरकारी मामला. हा लेख त्याच्यासाठी नाही. एवढंच सांगते, की मोबाइलवर आलेल्या मेसेजमधल्या लिंकवरून ॲप उतरवून चलान भरू नका. परिवहन खात्याच्या अधिकृत पोर्टलवर गाडीचा नंबर घालून चलान खरंच आहे का, हे आधी पाहा.

त्या अर्ध्या तासात काय करावं

प्रकरण जिंकायचं की हरायचं, हे बहुतेक वेळा तिथल्या पहिल्या अर्ध्या तासात ठरतं. त्या वेळी आपल्या हातात पिशव्या असतात, सोबत थकलेली माणसं असतात आणि मागून कुणीतरी हॉर्न वाजवत असतं. म्हणून हा भाग सावकाश वाचा.

आधी फोटो. पावती जशी पडली आहे तशीच, हात न लावता, काचेच्या बाहेरून एक फोटो. मग ती सुलट करून दोन्ही बाजूंचे. मग नंबरप्लेट आणि चाकाचं लॉक एकाच चौकटीत येतील असा एक. मग दराचा फलक. आणि फलक नसेल तर प्रवेशाच्या भिंतीचा, म्हणजे फलक नाही हे दिसेल. फलकावर अटी मुंगीच्या अक्षरांत असतील, तर माणूस गाडीत बसून जिथून आत येतो तिथूनही एक फोटो काढा. गाडीतून जी अट वाचताच येत नाही, ती गाडीवाल्याने मान्य केली असं म्हणणं अवघड जातं. मी घाईत पावती आधी उचलली आणि मग फोटो काढले. पुढे त्यांच्या कार्यालयाने पहिला प्रश्न हाच विचारला : पावती तेव्हा गाडीत होती कशावरून? पावतीवर छापलेली प्रवेशाची वेळ आणि गाडीचा नंबर होता म्हणून निभावलं.

हे फोटो फोनमधून पुसू नका. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोतून काढल्याची तारीख-वेळ निघून जाते. मूळ फोटोत ती राहते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार असा डिजिटल पुरावा प्रमाणपत्रासह देता येतो. त्यासाठी मूळ फोटो आणि तो काढलेला फोन जपलेला बरा.

मग बोलणं. समोरचा पोरगा पगारी असतो. दंड वसूल केला नाही तर तो त्याच्या पगारातून कापला जाईल, अशी त्याला धास्ती असते. त्याच्यावर ओरडून काही साधत नाही आणि ते योग्यही नाही. शांतपणे तीन गोष्टी मागा : दंड कोणत्या नियमाने लावला, कंत्राट कोणाच्या नावाने आहे, आणि ही मागणी कागदावर द्या. आपल्या बडोद्यात दोन शब्द पुरतात, "लेखितमां आपो." नाव, सही, तारीख घालून असा कागद द्यायला बहुतेक ठिकाणी कुणी तयार होत नाही. कित्येकदा प्रकरण तिथेच मिटतं. साहेबांना फोन लावला जातो आणि लॉक निघतं.

निघालं नाही तर? लॉक तोडू नका, हवा सोडू नका, साखळी कापू नका. तुम्ही त्यांच्या वस्तूचं नुकसान केलंत की तक्रारदार ते होतात. खासगी माणसाला दुसऱ्याची गाडी अडकवून पैसे मागण्याचा अधिकार करार कायद्यातूनही सहजासहजी निघत नाही. कलम १७० नुसार वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क मिळतो तो त्या वस्तूवर श्रम किंवा कौशल्य खर्चून काम करणाऱ्याला, उदाहरणार्थ गाडी दुरुस्त करणाऱ्या गॅरेजवाल्याला. नुसती जागा देणाऱ्याला त्या कलमाचा आधार घेणं कठीण आहे. धमकी दिली, अंगावर आले, वाट अडवली तर ११२ वर फोन करा. वाट अडवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खाली येतं, भीती दाखवून पैसे काढणं कलम ३०८ खाली. फोनवर कलमं सांगत बसायची गरज नाही. "गाडी अडवून पैसे मागत आहेत, पैसे भरल्याची पावती माझ्याकडे आहे," एवढं पुरे.

आणि सोबत म्हातारं माणूस असेल, रात्र झाली असेल, औषधाची वेळ टळत असेल, तर पैसे भरून घरी या. यात कमीपणा काही नाही. फक्त दोन काळज्या घ्या. रोख देऊ नका, यूपीआयने द्या. पैसे कोणाच्या खात्यात गेले, ते नाव पडद्यावर दिसतं, आणि कंत्राटदाराचं नाव लपवून ठेवणाऱ्या ठिकाणी तेच पुढे पत्त्याची पहिली खूण ठरतं. शेऱ्याच्या रकान्यात 'अमान्य, तक्रार राखून' असं लिहा. मी हेच केलं. करार कायद्याच्या कलम ७२ नुसार चुकीने किंवा जबरदस्तीखाली दिलेले पैसे घेणाऱ्याने परत करायचे असतात. तुम्ही ते राजीखुशीने दिले नव्हते, हे त्या एका शेऱ्यातून दिसतं.

पत्र

घरी आल्यावर दोन दिवसांत पत्र लिहा. राग शमायच्या आधी नको, पण तपशील विसरायच्या आत हवं. एक प्रत संकुलाच्या मालकाला किंवा व्यवस्थापन मंडळाला, एक कंत्राटदाराला. मंडळाला पाठवणं महत्त्वाचं, कारण कंत्राटदार बदलत राहतात आणि इमारत तिथेच असते. माझं पत्र साधारण असं होतं :

'महोदय, दिनांक अमुक रोजी दुपारी अमुक वाजता मी माझी गाडी क्रमांक अमुक आपल्या इमारतीच्या तळघरात उभी केली व रु. ३० भरून पावती क्रमांक अमुक घेतली. पावती गाडीत दर्शनी भागी ठेवली होती. दार लावताना ती उलटली. आपल्या माणसाने चाकाला लॉक लावून रु. ३०० ची मागणी केली. मी मूळ पावती तत्काळ दाखवली व ती आपणच दिल्याचे त्याने मान्य केले. गाडी सोडवण्यासाठी मला नाइलाजाने, हरकत नोंदवून, यूपीआयने रु. ३०० भरावे लागले. पार्किंगचे पूर्ण शुल्क मी आधीच भरले असल्याने आपले कोणतेही नुकसान झालेले नाही. भारतीय करार कायद्याची कलमे ७२ व ७४ पाहता ही रक्कम आपल्याला ठेवता येत नाही. हा दंड लावण्याचा आपला अधिकार कोणता, ते लेखी कळवावे आणि रु. ३०० पंधरा दिवसांत परत करावेत. अन्यथा मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. सोबत : पावती, दंडाची चिठ्ठी, यूपीआयची नोंद व पाच छायाचित्रे यांच्या प्रती.'

यात विशेषणं नाहीत हे पाहा. 'लूटमार', 'गुंडगिरी' हे शब्द पहिल्या मसुद्यात होते; मीच खोडले. वाचणाऱ्याला आकडे आणि तारखा अडचणीत टाकतात, विशेषणं त्याला चिडायची सबब देतात. आणखी एक इथलीच गोष्ट : आपण घरी मराठी बोलत असलो, तरी पत्र गुजरातीत लिहा. ज्याच्या टेबलावर ते जाणार, त्याला ते एका वाचनात कळलं पाहिजे. घरातली कॉलेजात जाणारी मुलं हे काम चुटकीसरशी करतात.

पत्र रावपुऱ्याच्या मोठ्या पोस्टातून स्पीड पोस्टाने, पोच मागून पाठवा. पूर्वीची रजिस्टर्ड पोस्टाची सेवा २०२५ साली स्पीड पोस्टातच विलीन झाली आहे, तेव्हा खिडकीवर 'रजिस्टर एडी' मागून गोंधळ करून घेऊ नका. पोस्टाची पावती पत्राच्या प्रतीला टाचून ठेवा.

उत्तर आलंच नाही तर

माझ्या पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही. मग मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन लावला. ही सेवा मराठीतही आहे आणि गुजरातीतही. तक्रारीचा क्रमांक मिळतो आणि ती समोरच्याकडे पाठवली जाते. हेल्पलाइन निकाल देत नाही, मध्यस्थी करते. पण पुष्कळ लहान रकमा इथेच परत मिळतात, कारण दोन-तीनशे रुपयांसाठी कुणालाच कागदोपत्री अडकायचं नसतं. दुसऱ्या पत्रात मी तो तक्रार क्रमांक घातला. आठवड्याभरात संकुलाच्या कार्यालयातून फोन आला, आणि पैसे ज्या खात्यातून गेले होते त्यातच परत आले.

आले नसते तर पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची होती. त्याची भीती बाळगण्याचं कारण नाही. घेतलेल्या सेवेची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील लागतोच असं नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि २०१९ च्या कायद्याने एक मोठी सोय करून दिली आहे : तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या आयोगात ती दाखल होते. म्हणजे बडोद्याच्या माणसाला सुरतेत किंवा मुंबईत असा दंड बसला, तरी तो आपल्या गावात दाद मागू शकतो. १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार करता येते.

तक्रार लिहिताना एक बारकावा सांभाळा. कायद्यात 'अनुचित करारा'ची व्याख्या आहे. करारभंगाने झालेल्या नुकसानीच्या मानाने अतोनात दंड लावणारा करार तीत नेमका बसतो, आणि वाचल्याबरोबर तेच कलम टाकावंसं वाटतं. पण अनुचित कराराच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार राज्य आयोगाला आणि त्यावरच्या राष्ट्रीय आयोगाला आहे, जिल्हा आयोगाला नाही. तीनशे रुपयांसाठी अहमदाबादेत चकरा मारायच्या नसतील, तर जिल्हा आयोगापुढे मुद्दे ठेवा ते जादा आकारणीचे, सेवेतल्या त्रुटीचे आणि अनुचित व्यापारी प्रथेचे. मागणीही आवाक्यात ठेवा : मूळ रक्कम, पत्रव्यवहाराचा खर्च आणि त्रासापोटी माफक भरपाई. तीनशेच्या पावतीवर पाच लाख मागणाऱ्याचं म्हणणं कुणी मनावर घेत नाही. कायद्याने तीन महिन्यांत निकाल अपेक्षित आहे. प्रत्यक्षात त्याहून वेळ लागतो, हे धरून चाला.

एकट्याने जायला धीर होत नसेल, तर ग्राहक संघटना आहेत. ग्राहक पंचायतीची चळवळ बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात सुरू केली. तिने मध्यमवर्गीय मराठी माणसाला बिल मागायची सवय लावली, असं मला मनापासून वाटतं. अहमदाबादेत १९७८ पासून कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर काम करतं आहे. त्यांचा सल्ला घ्या.

सेवासदनाची जागा असेल तर माहितीचा अधिकार

रस्त्याकडेच्या इजारदाराने जादा पैसे घेतले असतील, तर एक अर्ज फार उपयोगी पडतो. सेवासदनाच्या जाहेर माहिती अधिकाऱ्याकडे २० रुपये शुल्क भरून अर्ज द्या. मुख्य कार्यालय खंडेराव मार्केटच्या त्या देखण्या इमारतीत आहे. माहिती अधिकार कायदा, २००५ नुसार अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा राज्याच्या राजभाषेत, म्हणजे गुजरातीत करायचा असतो. उत्तराची मुदत तीस दिवसांची. विचारा एवढंच : अमुक रस्त्यावरच्या पे अँड पार्कचा इजारा कोणाला व किती मुदतीचा आहे, दुचाकी-चारचाकीचे मंजूर दर कोणते, आणि टोकन हरवल्यास वा पावती न दिसल्यास जादा रक्कम घेण्याची अट त्या करारात आहे का. करारात ती अट नसेल तर तुमचं काम झालं. मुदत संपलेली असेल, तर तो माणूस कोणाच्या वतीने पैसे घेतो आहे, हाच प्रश्न उभा राहतो. आणि ते उत्तर फक्त तुमच्या कामाचं नसतं. सोसायटीच्या ग्रुपवर टाका. गल्लीतल्या शंभर गाड्यांच्या ते उपयोगी पडेल.

भरायचे तिथे भरा

प्रत्येक मागणी खोटी नसते. पावती घेतलीच नसेल, दोन तासांचे पैसे देऊन पाच तास गाडी ठेवली असेल, अपंगांसाठी राखलेल्या जागेत किंवा रुग्णवाहिकेच्या वाटेत लावली असेल, तर वाद घालू नका. जादा वेळेचे पैसे द्या. टोकन खरोखर हरवलं असेल, तर गाडी तुमचीच आहे हे पाहून घेणं हे त्यांचं कर्तव्य आहे. आरसी किंवा डिजिलॉकरमधली प्रत दाखवा, रजिस्टरवर सही करा, टोकन प्लास्टिकचं असेल तर त्याची रास्त किंमत द्या. टोकनविना कुणालाही गाडी देणाऱ्या जागेपेक्षा अशी खातरजमा करणारी जागा बरी.

किल्ली देऊन गाडी लावायला दिली असेल, तर उलट जबाबदारी त्यांच्यावर येते. १४ नोव्हेंबर २०१९ रोजी दिल्लीच्या एका हॉटेलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की 'मालकाच्या जबाबदारीवर' असं छापून हॉटेलला स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटता येत नाही. असे फलक बडोद्यातही पावलोपावली दिसतात.

लेस्टरहून आलेला फोन

ही हकीकत घरच्या ग्रुपवर टाकली तेव्हा लेस्टरहून पुतण्याचा फोन आला. त्याचीही पावती डॅशबोर्डवरून उलटली होती, आणि मी भांडले म्हणून तोही नोटीस फाडून टाकायच्या बेतात होता. त्याला मी तिथल्या तिथे थांबवलं. बडोद्यातल्या कित्येक घरांतलं कुणी ना कुणी इंग्लंडात आहे, म्हणून हे लिहिते. तिथला कायदा निराळा आहे. खासगी कंपनी पाठवते ती 'पार्किंग चार्ज नोटीस', कौन्सिल पाठवते ती 'पेनल्टी चार्ज नोटीस'; आद्याक्षरं तीच, त्यामुळे माणूस फसतो. पण खासगी नोटीसही तिथे दुर्लक्ष करण्याजोगी नाही. २०१५ साली पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ८५ पौंडांचा खासगी आकार वैध ठरवला. मुदतीत दाद मागायची, पावतीचा फोटो जोडायचा, कंपनीने नाकारलं तर पोपलासारख्या स्वतंत्र अपील संस्थेकडे २८ दिवसांत जायचं, हा तिथला रस्ता. वैध तिकीट नीट दिसलं नाही, एवढाच दोष असेल, तर तो मुद्दा पहिल्या ओळीत मांडायचा.

चाकाला लॉक लावणं मात्र इंग्लंड आणि वेल्समध्ये खासगी जागेवर १ ऑक्टोबर २०१२ पासून बंद आहे. स्कॉटलंडच्या न्यायालयाने तर १९९२ सालीच त्याला खंडणी म्हटलं होतं. आपल्याकडेही कुणीतरी हा प्रश्न शेवटपर्यंत न्यायला हवा, अशी माझी फार इच्छा आहे.

आता तुमच्या पाकिटात अशी एखादी पावती असेल, तर तेवढी बाहेर काढा. ती थर्मल कागदावर छापलेली असते. उन्हाने, पाकिटातल्या उबेने अक्षरं काही महिन्यांत उडून जातात आणि दोन वर्षांची मुदत असूनही हातात कोरा कागद उरतो. आजच तिची झेरॉक्स काढा, फोटोही काढा, आणि पाठीमागे पेनाने तारीख, जागा, गाडीचा नंबर लिहून ठेवा.